थोरलीची लाल चिंधी

“मॅडम, विहिरीला एक मोठ्ठी स्ट्रॉ लावून गॅस सरळ ओढून का घेत नाही तुम्ही?”

हॉलमधल्या साडेतीनशे मुलांत असा हशा पिकला, की खिडकीच्या कठड्यावर डुलक्या काढणारी दोन कबुतरं दचकून उडाली. मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला. विज्ञानाच्या बाई एकदम बुटांची नाडी बांधायला खाली वाकल्या, आणि त्यांच्या बुटांना नाडी नव्हती.

प्रश्न विचारणारी मात्र ताठ उभी होती. खरं तर प्रश्न तिचा नव्हताच. तो तिच्या उंचाड्या मैत्रिणीने, म्हणजे लांबीने, वहीच्या मागच्या पानावर लिहिला होता, दुसऱ्या मैत्रिणीने, चष्मीने, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका सुधारल्या होत्या आणि पैज ठरली होती: हिने हा प्रश्न सगळ्यांसमोर उभं राहून विचारला, तर आठवडाभर तिचं दप्तर या दोघी वाहतील. हिला दप्तराचं एवढं काही नव्हतं. पण “नाही जमणार तुला” असं कुणी म्हटलं की तिचे पाय तिला न विचारताच उभे राहायचे.

गेल्या वर्षापर्यंत हीच मुलगी इतकी गप्प होती, की वर्गात बसलेली असतानाही बाई तिची गैरहजेरी मांडायच्या. मग शर्यतींच्या दिवशी सरांची शिट्टी ऐन वेळी फुसकी निघाली. त्या गोंधळात हिने दोन बोटं तोंडात घातली आणि अशी काही शिट्टी मारली, की धावपटू सुटले ते सुटलेच, शेजारच्या रस्त्यावरचा दूधवालाही सायकलवरून उतरून उभा राहिला. त्या दिवसापासून तिचं नाव शिट्टी पडलं. आणि एकदा का माणसाला आपला आवाज सापडला, की तो खिशात घालून बसवत नाही.

स्टेजवर गॅस कंपनीच्या इंजिनिअरबाई होत्या. पाइपलाइनच्या आसपास काय करू नये हे सांगायला आल्या होत्या आणि शेवटी सवयीने “कुणाला काही विचारायचंय?” म्हणून बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत.

“नाव काय गं तुझं?”

“शिट्टी.”

पुन्हा हशा.

“शिट्टी, तू एका वाक्यात जे विचारलंस ना, तेच आमच्या मोठ्या साहेबांना पटवायला मला चाळीस पानं लिहावी लागली,” इंजिनिअरबाई म्हणाल्या. “शनिवारी सात नंबरच्या विहिरीवर ये. स्ट्रॉ लावतोय आम्ही. हेल्मेट मी देईन.”

शिट्टी खाली बसली, दप्तर उचललं आणि लांबीच्या मांडीवर ठेवून दिलं.

*

सात नंबर म्हणजे थोरली. शिट्टीचे बाबा अकरा गॅसविहिरींचे राखणदार होते, आणि ही त्यांतली सगळ्यांत जुनी. तिच्याआधीच्या सहा कोरड्या निघाल्या होत्या, म्हणून सात नंबरची असूनही ती थोरली. दिसायला विहिरीसारखं काहीच नाही. जमिनीतून वर आलेला पुरुषभर उंचीचा लोखंडी खांब, त्याला इकडून तिकडून फुटलेले नळ, त्यांवर गोल चाकांच्या झडपा आणि भोवती जाळीचं कुंपण. बाबा रोज सकाळी पिकअप घेऊन फेरीला निघायचे, प्रत्येकीचे काटे वाचायचे आणि थोरलीपाशी जरा जास्तच रेंगाळायचे.

“तिला भेटायला जाता की कामाला?” आई विचारायची.

“तुझ्यापेक्षा कमी ओरडते ती,” बाबा म्हणायचे आणि मग जपून राहायचे.

पण थोरली दमली होती. खाली गॅस नव्हता असं नाही, पुष्कळ होता. त्याचा जोर संपला होता. आणि वर जी पाइपलाइन होती, तिच्यात बाकीच्या विहिरींचा गॅस वीस किलोच्या दाबाने आधीच ठासून भरलेला. थोरलीकडे बावीसचा दाब. बावीसने वीसला ढकलायचं म्हणजे किती ढकलणार?

“माझ्या बससारखंच झालं की,” आई म्हणाली होती. आई शाळेची बस चालवायची आणि जगातली कुठलीही गोष्ट तिला बसवरून समजायची. “दारातच माणसं खेटून उभी राहिली, की आतल्याला उतरता येत नाही. आतला कितीही ओरडू दे.”

“बरोब्बर. आणि गॅस असा रेंगाळत वर यायला लागला की त्याच्याबरोबरचं पाणीही वर येत नाही. नळीतच बसून राहतं. मग ते पाणीच बुचासारखं होतं.”

“मग दाराशी एक दांडगा कंडक्टर उभा करा. आतल्याला ओढून घ्यायचा, बाहेरच्या गर्दीत ढकलायचा.”

तो दांडगा कंडक्टर म्हणजे कंप्रेसर. विहिरीच्या तोंडाशी बसवायचा, थोरलीचा गॅस अलगद ओढून घ्यायचा, दाबायचा आणि पाइपलाइनमध्ये कोंबायचा. इंजिनिअरबाईंच्या चाळीस पानांत एवढंच होतं. मोठ्या साहेबांनी त्यावर एकच ओळ लिहिली होती: पुढच्या शुक्रवारपर्यंत गॅस दुप्पट झाला तर ठीक, नाहीतर थोरलीत सिमेंट ओतून तिला कायमची बंद करा.

थोरली गेली, की या बाजूची जुनी लाइनही बंद होणार, आणि लाइन गेली की राखणदार कशाला हवा? बाबांची बदली चारशे किलोमीटरवर ठरलेलीच होती. कंपनीचं घर सोडायचं, आईची बस सोडायची. आणि नव्या शाळेत, जिथे शर्यतींच्या दिवशी काय झालं हे कुणालाच ठाऊक नाही, तिथे शिट्टीने पुन्हा मागच्या बाकावर जाऊन गैरहजर व्हायचं. हा विचार ती पुरता करायचीच नाही.

*

शनिवारी कंप्रेसर आला तो ट्रेलरवर बसून, वरातीतल्या नवरदेवासारखा. त्याच्याबरोबर त्याचे मिस्त्री. मिस्त्री फळ्यावर खडू घासल्यासारख्या आवाजात बोलायचे आणि फार कमी बोलायचे. फाटकावर सगळ्यांचे मोबाइल एका पेटीत जमा झाले, कारण आत ठिणगीच काय, ठिणगीचा संशयसुद्धा चालत नाही. शिट्टीला डोक्याच्या दीडपट हेल्मेट मिळालं. लांबी आणि चष्मी कुंपणाबाहेर जाळीला नाकं लावून उभ्या राहिल्या.

यंत्र सुरू करायची एक रीत होती. एकदम ओझं द्यायचं नाही. यंत्राच्या पुढून निघून पुन्हा मागे येणारा एक आखूड पाइप होता, बाबा त्याला वळसा म्हणायचे. वळशाची झडप उघडी ठेवायची, म्हणजे यंत्र स्वतःचाच गॅस गोल गोल फिरवत अंग गरम करतं. दहा मिनिटं झाली की ती झडप बंद. मग खरी ओढ विहिरीला लागते.

बाबांनी वळसा उघडला आणि खिशातून एक लाल चिंधी काढून त्याच्या चाकाला बांधली. ही बाबांची जुनी पद्धत. घरातल्या एका जुन्या पडद्याच्या त्यांनी पाच चिंध्या केल्या होत्या. जी झडप जशी असायला हवी तशी नसेल, तिला चिंधी. नीट केली की चिंधी सोडायची.

“मिस्त्री, चिंधी दिसली की समजायचं काम बाकी आहे. चिंधी नाही, म्हणजे काम झालं,” बाबांनी सांगितलं.

“मला उघडझाप शिकवू नका,” मिस्त्री म्हणाले. “बावीस वर्षं हेच करतोय.”

“मी कुठे शिकवतोय? सांगतोय.”

“सांगणं आणि शिकवणं यात फरक असतो?”

तेवढ्यात नऊ नंबरवरून माणूस बोलवायला आला आणि बाबा पिकअप घेऊन गेले. जाताना यंत्राच्या धडधडाटावरून ओरडून म्हणाले, “दहा मिनिटांनी वळसा बघा!” मिस्त्रींनी हात वर केला. त्या हाताचा अर्थ ‘हो’ होता की ‘जा’, हे नंतर खूप दिवस कुणालाच ठरवता आलं नाही. इंजिनिअरबाई कागद आणायला गाडीकडे वळल्या, मिस्त्री यंत्राच्या पलीकडे तेलाची पातळी पाहायला गेले, आणि वळशापाशी उरली एकटी शिट्टी.

“ए, हात तरी लावलास का यंत्राला?” जाळीबाहेरून लांबी ओरडली.

“लावला की!”

“पुरावा काय?” चष्मीने विचारलं. चष्मीला सगळ्याचा पुरावा लागायचा. “फोटो तर नाही!”

आता पुरावा म्हणून काय दाखवणार? शिट्टीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि चाकावरची लाल चिंधी सोडली. दोन मिनिटांत परत बांधू, एवढाच विचार. ती उंच धरून फडकवली, मग मिरवायचंच म्हणून हेल्मेटखालून लोंबणाऱ्या वेणीला बांधली. लांबीने टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात इंजिनिअरबाई आल्या आणि “चल, चल, बाहेर हो आता, कान जातील तुझे” म्हणत तिला खांद्याला धरून फाटकाबाहेर घेऊन गेल्या. रस्त्यावर आईच्या बसचा हॉर्न वाजला. हेल्मेट परत, मोबाइल परत, तिघी बसमध्ये. चिंधी वेणीतच.

मिस्त्री यंत्राच्या पलीकडून आले. चाकावर चिंधी नाही. ‘अच्छा, स्वतःच बंद करून गेला वाटतं. विश्वास नाही माझ्यावर,’ असं त्यांनी मनात म्हटलं आणि ओठ मिटले.

अर्ध्या तासाने बाबा आले. चाकावर चिंधी नाही. ‘चला, मिस्त्रींनी बंद केली. आता पुन्हा विचारलं तर म्हणतील शिकवतोय,’ असं त्यांनी मनात म्हटलं आणि ओठ मिटले.

*

यंत्र रात्रंदिवस घुमत राहिलं. अर्ध्या किलोमीटरवरच्या शाळेत त्याची घरघर ऐकू यायची. गणिताचे सर म्हणायचे, “तिकडे एक जण तरी न थांबता काम करतंय, शिका काहीतरी.” शाळेत शिट्टीचा भाव वधारला होता. स्ट्रॉवाली म्हणून पाचवीतली पोरं तिला बोटाने दाखवायची. मंगळवारपर्यंत नववीतल्या अकरा मुलींच्या वेणीत लाल चिंध्या आल्या होत्या. आई बसच्या आरशात पाहून म्हणाली, “काय गं, सगळ्यांचे पडदे एकदमच फाटले की काय?”

इकडे थोरलीचा काटा मात्र जिथल्या तिथे. गॅस पूर्वी जेवढा, तेवढाच. बाबांना वाटलं, यंत्र म्हातारं आहे, आतल्या पट्ट्या झिजून गॅस मागे निसटतोय. मिस्त्रींनी चिडून दोनदा रात्री यंत्र थोडा वेळ थांबवून झाकणं उघडली आणि ते गरम असतानाच, वळशाला हात न लावता, पुन्हा चालू केलं. आत सगळं नव्यासारखं होतं. मग ते म्हणाले, “यंत्र चोख आहे. तुमचा मीटर खोटं बोलतो.” बाबांच्या मीटरला खोटं म्हणणं म्हणजे बाबांच्या आईला म्हातारी म्हणण्यासारखं होतं. त्या दिवसापासून दोघं फक्त इंजिनिअरबाईंमार्फत बोलू लागले. दोघंही तीन तीन फूट अंतरावर उभे राहायचे आणि बाई मधे: “ते म्हणतायत की...”

मंगळवारी संध्याकाळी बाबा जेवायला बसले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता.

“यंत्र ओढतंय हे नक्की. कानाला कळतं ना. पण थोरलीपर्यंत ओढ पोचतच नाही. तुझ्या त्या स्ट्रॉला मधेच भोक असावं ना, तसं झालंय,” ते शिट्टीला म्हणाले. “कितीही ओढा, तोंडात हवाच.” मग आईकडे वळून, “आणि माझ्या पाचातली एक चिंधीही कुठे गेलीय. काहीच धड चालत नाहीये बघ.”

शिट्टीचा घास हातातच राहिला. दुसरा हात आपोआप वेणीकडे गेला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तिच्या मनात तर भर दुपार झाली.

वळसा. चिंधी. कुणी बंदच केला नाही तो!

“काय झालं?” आईने विचारलं.

“मिरची,” शिट्टी म्हणाली. भाजीत मिरची नव्हती.

आता इथे सरळ वाट एकच होती: तोंड उघडायचं. जी मुलगी साडेतीनशे जणांसमोर स्ट्रॉचं विचारू शकते, तिला दोन माणसांसमोर एवढं सांगता येऊ नये? नाही आलं. बाबा थोरलीला जीव लावतात, आणि तिचा जीव आपण वेणीत बांधून चार दिवस मिरवतोय, हे वाक्य जिभेवर येईना. म्हणून तिने वाकडी वाट धरली, आणि वाकडी वाट म्हटली की लांबी आणि चष्मी आल्याच.

बुधवारी शाळा सुटल्यावर ठरलं ते असं. चिंधी परत चाकावर बांधायची. बाबा बघतील, म्हणतील अरे, काम बाकी आहे, आणि वळसा बंद करतील. कुणाला काही सांगायला नको. झाकली मूठ सव्वा लाखाची.

“आत कसं जाणार?” चष्मी.

“जायचंच नाही. हिचा हात आहे ना,” शिट्टी लांबीकडे पाहत म्हणाली.

कुंपणापासून चाकं हाताच्या पल्ल्याबाहेर होती, पण लांबीचा हात म्हणजे हात नव्हेच, आणि त्यात तिने चष्मीची छत्री धरली होती. छत्रीच्या टोकाला चिंधीची सैल गाठ. शिट्टी रस्त्यापलीकडे गेली आणि मिस्त्रींचं लक्ष तिकडे वळावं म्हणून तिने ती शर्यतीवाली शिट्टी मारली. मिस्त्री वळले. लांबीने जाळीच्या फटीतून छत्री घातली, जीभ बाहेर काढली, एक डोळा मिटला, आणि चिंधी चाकावर अडकली.

“झालं!” तिघी धावत सुटल्या. वळणावर थांबून पोट धरून हसल्या.

चिंधी अडकली होती, पण शेजारच्या चाकावर.

*

ते शेजारचं चाक पाण्याचं होतं. गॅसबरोबर वर येणारं थोडंफार पाणी यंत्रात शिरू नये म्हणून आधी एका उभ्या टाकीत वेगळं व्हायचं आणि या झडपेतून बाहेर जायचं. ही झडप कायम उघडी असायला हवी. गुरुवारी सकाळी बाबा आले, चिंधी पाहिली. आपण बांधलेली नाही, म्हणजे मिस्त्रींनी बांधली. म्हणजे ही बंद करायची राहिली असं त्यांचं म्हणणं दिसतंय. एरवी बाबांनी दहा प्रश्न विचारले असते. पण बोलणं बंद. त्यांनी मुकाट्याने चाक फिरवलं, पाण्याची वाट बंद केली, चिंधी खिशात घातली आणि पाच पुऱ्या झाल्या म्हणून त्यांना जरा बरंसुद्धा वाटलं.

दुसऱ्या तासाला भूगोल चालू होता. बाई नकाशावर नदी शोधत होत्या. आणि घरघर थांबली.

पाच दिवस कानात बसलेला आवाज एकदम गेला, की शांतता कशी दचकवते! सगळा वर्ग खिडकीकडे वळला. टाकी काठोकाठ भरली होती आणि यंत्राने शहाण्यासारखं आपलं आपणच बंद करून घेतलं होतं. वर्गात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शिट्टीला तर मुळीच नाही. तिला एवढंच वाटलं, की थोरली गेली.

“बाई, मला जायचंय.”

“कुठे?”

“विहिरीवर. मी काहीतरी केलंय.”

हे तिने इतक्या सरळ सांगितलं, की बाईंनी विचारलंही नाही. बसच्या थांब्यावर आई काच पुसत होती. लेकीचा चेहरा पाहून तिने फडकं खाली टाकलं आणि चावी फिरवली. चाळीस सीटांची रिकामी बस, आत एकच मुलगी, अर्ध्या किलोमीटरसाठी.

“सांग,” आई म्हणाली.

शिट्टीने सांगितलं. आईने आरशातून एकदा पाहिलं. “दोन घरचा पाहुणा उपाशी,” ती म्हणाली. “हा म्हणतो त्याने वाढलं असेल, तो म्हणतो याने वाढलं असेल. आणि माझी लेक ताटच उचलून घेऊन गेली.”

कुंपणाच्या आत महाभारत चाललं होतं. बाबा आणि मिस्त्री आता बाईंमार्फतही बोलत नव्हते, दोघंही एकदम ओरडत होते. इंजिनिअरबाईंच्या हातात थोरली बंद करायचा कागद होता आणि पेनाचं टोपण निघालेलं होतं. फाटकातून शिट्टी ओरडली, “बाबा!” कुणी ऐकेना. “मॅडम!” छे.

मग तिने दोन बोटं तोंडात घातली.

तिघंही गप्प झाले.

“वळसा उघडाच आहे,” शिट्टी म्हणाली. “शनिवारपासून. चिंधी मी सोडली. लांबीला दाखवायला. आणि काल आम्ही छत्रीने परत लावली. वळशावरच लावली.”

“वळशावर?” बाबांनी खिशातून चिंधी काढली. तिच्याकडे पाहिलं. मग पाण्याच्या चाकाकडे. मग स्वतःच्या हाताकडे. “अरे देवा.”

मिस्त्री गुडघ्यावर बसले आणि वळशाच्या पाइपजवळ उलटा हात नेला. यंत्र थांबून पंधरा मिनिटं झाली होती, तरी तो झटकन मागे आला. “भाजतोय! बंद असता तर थंडगार असायला हवा.” त्यांनी हातावर फुंकर मारली. “पाच दिवस माझं यंत्र स्वतःचाच श्वास गिळत होतं, आणि मी त्याची झाकणं उघडून बघतोय!”

“मला वाटलं तुम्ही बंद केली,” बाबा म्हणाले.

“मला वाटलं तुम्ही.”

“विचारायचं होतं मग!”

“तुम्ही विचारायचं होतं!”

इंजिनिअरबाईंनी पेनाला टोपण लावलं. “तीन मोठी माणसं,” त्या म्हणाल्या, “त्यातली एक मीच. पाच दिवस. आणि ‘झडप बंद केली का हो?’ एवढं एक वाक्य कुणाच्या तोंडून निघालं नाही. हिला विहिरीला स्ट्रॉ लावा म्हणायला लाज वाटली नाही, आपल्याला वाटली.”

बाबा शिट्टीकडे न बघता पाण्याच्या चाकाकडे वळले.

पाण्याची वाट उघडली, टाकी रिकामी झाली. यंत्र सुरू झालं, दहा मिनिटं वळशात फिरलं. मग बाबांनी चाकाला हात घातला, थांबले आणि मान वळवून मोठ्याने म्हणाले, “मिस्त्री, वळसा बंद करतोय मी.”

“करा,” मिस्त्री म्हणाले. “मी बघतोय.”

यंत्राचा आवाज बदलला. हलकी घरघर जड झाली, एखाद्याने खरोखरच काहीतरी उचलावं तशी. थोरलीच्या तोंडावरचा काटा बावीसवरून हलला. अठरा. चौदा. सगळे त्याच्याकडे असे बघत होते, जसं काही तो लाजून थांबेल. नऊ. सहा. मग खांबाच्या आत कुठेतरी खोल एक गुळगुळ झाली, मग एक खोकला, मग ग्लास संपताना स्ट्रॉतून येतो ना, तो बेशरम आवाज, पण घराएवढा मोठा! नळीत कधीचं बसलेलं पाणी वर येऊन टाकीत धडकलं.

“घसा साफ करतेय बाई,” मिस्त्री म्हणाले, आणि ते पहिल्यांदाच हसले. त्यांचं हसणंही खडूसारखंच होतं.

पाण्यामागून गॅस आला. शुक्रवारी दुपारपर्यंत थोरली पूर्वीच्या अडीचपट देत होती. मोठ्या साहेबांचा फोन आला आणि थोरली बंद करायचा तो कागद इंजिनिअरबाईंनी चार घड्या घालून पिकअपच्या डुगडुगणाऱ्या आरशाखाली पाचर म्हणून ठोकला.

*

शुक्रवारच्या जेवणाला घरात तिघंच होती, आणि शिट्टीचे बाबा दीड दिवसाने तिच्याशी बोलले. “भाजी वाढ,” एवढंच. पण सुरुवात होती.

“थोरली आता दोन-तीन वर्षं तरी काढेल,” बाबा आईला सांगत होते. “सुट्टीत यंत्र आणखी तीन विहिरींवर लावून बघायचंय. मिस्त्रीच येणारेत. मी म्हटलं, या, पण आपण आधी बोलायचं ठरवू.”

“म्हणजे आपण कुठे जात नाही,” आई म्हणाली.

“कुठेच नाही.” बाबांनी शिट्टीकडे पाहिलं. “आणि तुझ्या पराक्रमाबद्दल बाहेर एक अक्षर नको. मी आणि मिस्त्रींनी ठरवलंय, शाळेत तुला सगळे स्ट्रॉवाली म्हणतात, म्हणू देत. तू सुट्टीत मावशीकडे जा, महिनाभर इकडे फिरकू नकोस. विषय संपला.”

म्हणजे सुटका. घर राहिलं, शाळा राहिली, नावही राहिलं, वर मावशीकडे महिनाभर लोळणं. शिट्टीने ताटाकडे पाहिलं. मग वेणी मागे टाकली. तिच्यात आज काहीच बांधलेलं नव्हतं.

“बाबा, पाच दिवस तुम्ही का नाही विचारलंत मिस्त्रींना?”

“अगं, वाटलं, अपमान होईल त्यांचा.”

“आणि त्यांनी तुम्हाला?”

“तेच.”

“झालं तर मग,” शिट्टी म्हणाली आणि उभी राहिली. आईने चमचा खाली ठेवला, कारण ही उभी राहिली की काहीतरी होतं हे आता घरालाही कळलं होतं. “मी ठरवलंय. सोमवारी हॉलमध्ये मी सगळ्यांना खरं सांगणार, चिंधी, छत्री, सगळं. लांबी आणि चष्मीला विचारलंय, त्या छत्री घेऊन शेजारी उभ्या राहणारेत. आणि मावशीकडे मी जाणार नाही. सुट्टीत तुमच्याबरोबर येणार, तिन्ही विहिरींवर. आत नाही येणार, कुठल्या चाकाला बोटसुद्धा लावणार नाही, कुंपणाबाहेर उभी राहीन. पण तुमच्यातलं कुणी ओठ मिटलेले दिसले ना, की मी विचारणार, झडप कुणी बंद केली म्हणून. मोठ्याने, सगळ्यांदेखत, आणि पैज न लावता!”